पिशवी कुणाची, भाव कुणाचा

चतुर्थीला एकदा राजूरला येऊन पाहा. अंगारकी असेल तर विचारूच नका, आदल्या रात्रीपासून जालन्याच्या रस्त्यानं माणसं पायी चालत असतात. गणपतीच्या साडेतीन पीठांत राजूरेश्वराचं नाव घेतात, त्यामुळे गर्दी होणारच. मंदिराकडे जाणाऱ्या वाटेवर पेढ्यांची दुकानं ओळीनं मांडलेली. परात सारखी, पेढ्याचा रंग सारखा, भावाची पाटीही सारखी. तरी एका दुकानापुढे रेटारेटी आणि शेजारचा माशा वारत बसलेला. अशाच एका रेट्यात अडकलेल्या काकांना मी विचारलं, "इथला पेढा चांगला असतो का?"

"आपल्याला काय माहीत, पहिल्यांदाच आलोय. पण गर्दी बघा की!"

काकांनी चव घेतली नव्हती. चवीचा निकाल त्यांनी गर्दीवरून लावून टाकला होता. आपण किराणाही असाच घेतो. मालाचा कस, भाव आणि चारचौघांतलं नाव या तीन गोष्टी तपासून दुकान निवडलं, असं आपण सांगतो. खरं तर त्यातली एखादीच दिसते आणि उरलेल्या दोन आपण तिच्यावरून ताडतो. जालना-संभाजीनगरच्या मोठ्या दुकानांत महिन्याचा किराणा भरायची रीत आमच्याकडे रुळली, तेव्हापासून काही वाक्यं रोज कानावर पडतात. त्यांतली थोडी इथं तपासून पाहतो.

गैरसमज : मोठ्या दुकानात सगळंच स्वस्त

वस्तुस्थिती : काही माल खरोखर स्वस्त असतो, आणि कोणता स्वस्त ठेवायचा हे फार विचारानं ठरवलेलं असतं. आपल्याला भाव तोंडपाठ असतात ते पाच-सात वस्तूंचे. साखर, तेल, तूरडाळ, शेंगदाणे, चहा, साबण. फरशी पुसायच्या औषधाचा भाव कुणाच्या लक्षात असतो? टोमॅटो सॉसचा? प्लास्टिकच्या डब्यांच्या संचाचा? तेव्हा साखरेत दोन रुपये सोडायचे आणि बाटलीत, डब्यात वसूल करायचे, हा दुकानदारीतला जुना हिशोब. साखर स्वस्त दिसली की बाकीचंही तसंच असणार, हे आपलं आपणच ठरवून मोकळे होतो.

यात फसवाफसवीच असते असं मात्र समजू नका. राधाकिशन दमाणींच्या डी-मार्टचं उदाहरण घ्या. पहिलं दुकान २००२ साली पवईत निघालं. जागा शक्यतो भाड्यानं न घेता मालकीची घ्यायची, पुरवठादाराचे पैसे महिनोन् महिने न अडकवता काही दिवसांतच चुकते करायचे, त्या बदल्यात भाव तोडून घ्यायचा आणि खपणारा मोजकाच माल ठेवायचा. दिवे-दिखाव्यावर फार खर्च नाही. मार्च २०१७ मध्ये कंपनीचा शेअर २९९ रुपयांना दिला गेला आणि बाजारात आला तो सहाशेच्या वरच. अशा दुकानातली स्वस्ताई खरी असते, कारण ती खर्चातून काढलेली असते.

राजूरचा दुकानदार तोच साबण एजन्सीच्या गाडीवरून घेतो. २०२१ च्या अखेरीस देशभरातल्या वितरकांच्या संघटनेनं कंपन्यांना जाहीर जाब विचारला होता: बड्या खरेदीदारांना माल एका भावानं आणि आमच्यामार्फत किराणा दुकानांना दुसऱ्या भावानं, हे कसं? महाराष्ट्रातल्या वितरकांनी तर एका मोठ्या कंपनीचा माल उचलायचंच थांबवलं होतं. म्हणजे पेठेतल्या शेठचा साबण महाग असेल, तर दर वेळी त्याच्या पोटातलं पाप शोधायला नको.

आता छापील किमतीचं बघू. पाकिटावर २४० छापलेले, वर चिठ्ठी: 'आमचा भाव १६५'. बघणाऱ्याला वाटतं, पंच्याहत्तर वाचले. एमआरपी म्हणजे त्याहून जास्त घ्यायचं नाही, एवढंच कायदा सांगतो. ती किती छापावी हे बनवणारा किंवा पाकीटबंद करणारा ठरवतो. डाळीच्या पाकिटावर २४० छापायला कुणाची परवानगी लागत नाही. त्यामुळे एमआरपीवर किती सूट मिळाली, हे स्वस्ताईचं माप होऊ शकत नाही. शेजारच्या दुकानात तेवढ्याच वजनाची तशीच डाळ कितीला आहे, हे माप. राजूरच्या पेठेत तीच डाळ सुटी १६० नं मिळत असेल, तर पंच्याहत्तर वाचवणारा प्रत्यक्षात पाच घालवून आला.

तेलाच्या डब्याची गोष्ट तर मुद्दाम सांगायला हवी, कारण तिनं माझ्याच घरात भांडण लावलं होतं. दिवाळीच्या आधी भाऊ शहरातून डबा घेऊन आला. आईला म्हणाला, "शेठकडं एकवीसशे सांगत होते, मी साडेएकोणीसशेत आणला." दोन्ही डबे सोयाबीन तेलाचे, उंचीही तीच. आईनं चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचलं. भावाच्या डब्यावर १५ लिटर होतं, शेठच्या डब्यावर १५ किलो. तेल पाण्याहून हलकं. एक लिटर तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे पंधरा लिटर म्हणजे १३ किलो ६५० ग्रॅम. भावाला किलो पडला जवळजवळ १४३ रुपयांना, शेठचा बरोबर १४०. भाऊ दोन दिवस शेठच्या दुकानावरून गेला नाही. आता पाकिटावर ग्रॅममागे किंवा मिलीलिटरमागे किती पडतात, तेही छापतात. अक्षर मुंगीएवढं असतं, पण वाचण्यासारखं तेवढंच असतं.

जाण्या-येण्याचा खर्च आपण धरतच नाही. राजूर ते जालना पंचवीस-तीस किलोमीटर. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि हा हिशोब थोडा बदलला, हे मान्य. आता आमच्या गल्लीतल्या चौघी-पाचजणी मिळून जातात, दवाखाना, बँक, किराणा एकाच फेरीत उरकतात. त्यांना परवडतं. पण एकट्या साखर-तेलासाठी मोटारसायकलला टांग मारून जाणाऱ्यानं पेट्रोल, चहा-भजी आणि पोरानं हट्टानं उचललेलं चॉकलेट, असं सगळं त्या किलोभर साखरेत मिळवून बघावं.

भावाची ही चिकित्सा उगाच नाही. केंद्राच्या २०२३-२४ च्या घरखर्च पाहणीत खेड्यातल्या माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च ४,१२२ रुपये निघाला, आणि त्यातले शंभरातले ४७ रुपये खाण्यापिण्यावर जातात. शहरात हेच प्रमाण चाळिसाच्या आसपास. दोन रुपयांवरून घासाघीस करणाऱ्या बाईला चिकट म्हणण्याआधी हा आकडा आठवावा.

गैरसमज : पाकिटातला माल चांगला, सुटा म्हणजे भेसळीचा

वस्तुस्थिती : पाकीट मालाचा पत्ता सांगतं, कस सांगतंच असं नाही. पाकिटावरचा चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक म्हणजे तो धंदा करणाऱ्याकडे परवाना किंवा नोंदणी आहे, इतकंच. तक्रार कुणाविरुद्ध करायची हे त्यावरून कळतं, आणि ते मोलाचंही आहे. पण 'नंबर आहे म्हणजे माल एक नंबर' हे आपण जोडलेलं शेपूट. दर्जाची प्रत ठरवणारी खूण अॅगमार्कची. तिचा कायदा १९३७ सालचा. ती किती पाकिटांवर शोधतो आपण?

डाळीचं बघा. काचेसारख्या पिशवीत, पांढऱ्या दिव्याखाली तूरडाळ सोन्यासारखी चमकते. डाळीला मुळात एवढी चमक नसते. ती पाणी किंवा तेल लावून, घासून आणतात. पॉलिश न केलेली डाळ मळकट, भुरकट दिसते, म्हणून दुकानात मागं पडते. इथं गिऱ्हाइकाचे डोळेच त्याला ठकवतात. आमच्या पेठेत एक आजी आहेत. त्या चार दाणे दाताखाली धरतात, तळहातावर चोळून हाताला काही लागतं का बघतात, मग नाकाशी नेतात. पाकिटातल्या डाळीला हे काहीच करता येत नाही. किशोर बियाणींनी बिग बाजार काढला, पहिलं दुकान २००१ मध्ये कोलकात्यात, तेव्हा त्यांनी धान्य-डाळी मुद्दाम उघड्या ढिगांनी मांडल्या. गिऱ्हाइकाला हात घालून बघता आलं पाहिजे, आणि फार चकाचक ठेवलं तर साधा माणूस 'इथं महाग असणार' म्हणून दारातूनच परत फिरतो, हा त्यामागचा विचार. आजींना ते दुकान पटलं असतं.

पण सुट्याची आरती ओवाळायचंही कारण नाही. सुटं तेल, बाटली घेऊन जायचं आणि मोजून आणायचं, हे खेड्यात अजून चालतं. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत सुटं खाद्यतेल विकायला मनाई आहे. राज्य सरकारनं सवलत दिली तर गोष्ट वेगळी. कारण सरळ आहे, पिंपात काय काय मिसळलं ते बाटलीतून दिसत नाही. हळदपूड, मिरचीपूड, धणेपूड या दळलेल्या वस्तूंचंही तसंच. अख्ख्या मालाला डोळे आणि दात पुरतात, दळलेल्याला पुरत नाहीत.

मिरचीवरून आठवलं. आमच्याच भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाईला मिरचीचा मोठा बाजार भरतो, बाहेरगावचे व्यापारी तिथं गाड्या भरायला येतात. उन्हाळ्यात गच्चीवर मिरच्या वाळत घालून कांडपाला नेणाऱ्या बायका अजून आहेत. आणि त्याच घरातली सून शहरातून दोनशे ग्रॅमचं तिखटाचं पाकीट आणते. विचारलं तर म्हणते, "रंग चांगला येतो भाजीला." मी त्यावर काही बोललो नाही. भाजी खरंच लाल झाली होती.

सुट्या आणि पाकिटातल्या मालाच्या भावात कराचाही थोडा वाटा आहे. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळी-पिठावर पाच टक्के जीएसटी लागला. दुकानदारानं पोत्यातून काढून तोलून दिलेल्यावर नाही. तेव्हा पाकिटाचे पाच-सात रुपये जास्त दिसले तर ते सगळे कसाचेच आहेत असं धरू नये.

गैरसमज : नावासाठी दुकान निवडणं हे शहरातल्यांचे चोचले, गावात कोण बघतंय?

वस्तुस्थिती : गावातच बघतात. शहरात शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण काय आणतं याचा पत्ता नसतो. राजूरच्या स्टँडवर उतरलं की घरापर्यंत दहाजणांना पिशवी दिसते. मोठ्या दुकानाचं नाव छापलेली पिशवी नंतर वर्षभर फिरते. पोराचा डबा तिच्यात, आहेराची साडी तिच्यात, बाळंतिणीचा डिंकाचा लाडूही तिच्यातच पोचतो. लग्नाचा किराणा कुठून भरला, हे तर वऱ्हाड्यांना आडून आडून कळवलंच जातं. "शहरातून आणलं सगळं," या तीन शब्दांत भाव, कस आणि ऐपत तिन्ही उरकतात.

शिकागो ट्रिब्यूनच्या संशोधन विभागाच्या पिअर मार्टिनो यांनी १९५८ मध्ये एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की दुकानाला माणसासारखं व्यक्तिमत्त्व असतं आणि हे दुकान 'आपल्यासारख्यांचं' आहे की नाही, यावर गिऱ्हाईक आत पाऊल टाकायचं की नाही ते ठरवतं. अमेरिकेतलं हे निरीक्षण राजूरच्या पेठेत चपखल बसतं. आमच्याकडे अशी माणसं आहेत, जी शहरातल्या काचेच्या दारापाशी चपला काढाव्यात का, म्हणून क्षणभर थबकली होती. रखवालदारानं पिशवीला गाठ मारली तेव्हा एकाला वाटलं, आपल्यावर चोरीचा संशय घेतला. तो माणूस पुन्हा गेला नाही. भाव कमी होता, माल चांगला होता, हे त्यालाही कबूल. पण शेठच्या दुकानात त्याला नावानं हाक मारतात, आणि वडील वारले तेव्हा शेठ सावडायला आले होते.

ढकलगाडीचीच गंमत घ्या. १९३७ साली ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन यांनी आपल्या दुकानांत चाकांची गाडी आणली. लोक हात लावेनात. तरण्याताठ्या पुरुषांना वाटे, टोपली उचलायची ताकद नाही की काय आपल्यात. बायका म्हणत, बाबागाडी ढकलून झाली, आता ही कशाला? शेवटी गोल्डमननी वेगवेगळ्या वयाची माणसं पगार देऊन दुकानात गाड्या ढकलत हिंडायला ठेवली, तेव्हा बाकीचे धजावले. पेढ्याच्या दुकानापुढचे आमचे काका आणि ते ओक्लाहोमाचे गिऱ्हाईक, दोघांनीही आधी दुसऱ्याकडेच पाहिलं.

आणि प्रतिष्ठेचं वारं फिरतंही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी स्वस्ताच्या रांगेत उभं राहणं कमीपणाचं होतं. आता कारमधून येणारे ऐटीत रांगेत उभे राहतात आणि दोनशे रुपये वाचवल्याचं कार्यालयात सांगतात. स्वस्त घेणं हे हुशारीचं लक्षण ठरलं. मात्र दुकान नावाजलेलं पाहिजे. तेच दोनशे राजूरच्या आठवडी बाजारात वाचवले तर ते कुणी सांगत नाही.

गैरसमज : उधारी देणारा लुबाडतो

वस्तुस्थिती : देतो उधार आणि लावतो चढा भाव, हे पुष्कळदा खरं. पण तो चढा भाव कशाचा, ते पाहावं. कापूस, सोयाबीन, मका घरात येईपर्यंत शेतकऱ्याच्या हातात रोकड नसते. जूनमध्ये बी-खतात सगळं गेलेलं. चार महिने घर वहीवर चालतं, दसरा-दिवाळीला वही मिटते. पाऊस दगा देतो तेव्हा मिटतही नाही. बुडणारी उधारी न बुडणाऱ्यांच्या भावात चढते, हा व्यापाराचा नियम. ज्याच्याकडे पगाराची रोकड आहे त्यानं शेठच्या भावाला नावं ठेवून शहर गाठावं, त्याला ते शोभतं. ज्याची वही चालू आहे त्याच्यासाठी शहरातला भाव हा भावच नाही, कारण तिथं वही नाही. तुलना करायची तर सावकाराच्या व्याजाशी करावी. हेही सांगतो, वहीवर काय लिहिलं जातंय ते न बघणारे आणि मग कुरकुरणारे आमच्याकडे कमी नाहीत.

गैरसमज : संगणकाचं बिल चुकत नाही

वस्तुस्थिती : संगणकाला जो भाव भरवला, तो तो छापतो. फळीवरची चिठ्ठी एक आणि बिलात दुसरं, हे मी दोनदा अनुभवलं. दोन्हीदा चूक कबूल करून पैसे परत मिळाले, पण बिल वाचलं म्हणून. मागं ताटकळलेल्या रांगेची लाज वाटून आपण वाचत नाही, ही खरी अडचण. पिशवीचे पैसेही तसेच गुपचूप बिलात शिरायचे. डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं बिग बाजारच्या प्रकरणात सांगितलं, की आधी कल्पना न देता बिलाच्या खिडकीवर पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीचा फोन १९१५. राजूरहूनही लागतो.

गैरसमज : सुपरमार्केट ही परक्यांची आणि शेठजींची गोष्ट

वस्तुस्थिती : स्वतः फळीवरून माल उचलायची पद्धत अमेरिकेची खरी. १९१६ साली मेम्फिसमध्ये क्लॅरेन्स सॉन्डर्स यांच्या पिगली विगली दुकानानं ती रुजवली. त्याआधी तिथंही गल्ल्यामागचा नोकर यादी वाचून माल काढून देई, आपल्या शेठकडे देतो तसाच. पण महाराष्ट्रात मोठं किराणा दुकान आधी कामगारांनी चालवून दाखवलं. अपना बाजारचं मूळ १९४८ साली मुंबईच्या नायगावात, गिरणगावाच्या वस्तीत, सहकारी तत्त्वावर रोवलं गेलं. कोल्हापूर जिल्ह्यात तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकारानं सत्तरच्या दशकात वारणा बाजार उभा राहिला, तोही ऊसवाल्या खेड्यांच्या मधोमध. तिथल्या शेतकऱ्याच्या घरी शहरी दुकानासारखा माल जायचा आणि दुकानाचा सभासदही तोच.

मला सगळ्यात जास्त कौतुक ग्राहक पंचायतीचं. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ती चळवळ १९७४ मध्ये सुरू केली, मुंबई ग्राहक पंचायत १९७५ ची. मुंबईत शेजारपाजारच्या घरांचा संघ करायचा, यादी एकत्र द्यायची, ठोकानं खरेदी केलेला माल महिन्यातून एकदा एकाच्या घरी उतरवायचा आणि सगळ्यांनी बसून वाटून घ्यायचा. दुकान नाही, पाटी नाही, काचेचं दार नाही, मिरवायला पिशवीही नाही. तरी हजारो घरांनी वर्षानुवर्षं त्यावर स्वयंपाक केला. भाव आणि कस यांना नावाच्या टेकूची गरज नसते, याचा एवढा मोठा पुरावा मला दुसरा माहीत नाही. राजूरात असा संघ काढायचा विषय मी एकदा बचत गटाच्या बायकांपुढे काढला होता. त्यांना हिशोब पटला. मग एकीनं विचारलं, "पण भाऊ, माल उतरणार कुणाच्या घरी?" त्यावर जी चर्चा रंगली ती अजून मिटलेली नाही.

परवा शेजारच्या वहिनी जालन्याहून माल भरून आल्या. मी ओसरीवर बसलो होतो. त्यांनी खाली बसून एकेक पाकीट कात्रीनं कापलं आणि तूरडाळ, साखर, पोहे जुन्या स्टीलच्या डब्यांत ओतले. त्याच डब्यांत तळाशी शेठकडची डाळ उरलेली होती, तिच्यावरच नवी पडली. रिकामी पाकिटं चुलीजवळ गेली. पिशवी मात्र त्यांनी झटकली, कडा जुळवून चौकोनी घडी घातली आणि गादीखाली दाबून ठेवली. म्हणाल्या, "मंगळवारी अंगारकी आहे ना, पाहुणे येतील. परत जाताना काहीतरी घालून द्यायला लागते."